अरस्तूकाका

इंदुरात जिथे म्हणून मराठी माणसाने संसार मांडला आहे, रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या, सुदामा नगर घ्या, तिथे असा एक तरी गृहस्थ सापडतोच. तो निवृत्त असतो. सकाळी राजवाड्यापर्यंत पायी जाऊन पोहे-जिलबी खाऊन येतो आणि डॉक्टरांना त्यातलं फक्त पायी जाणं सांगतो. चार माणसं कुठेही, कशासाठीही जमलेली दिसली, मग ती रांग असो, बारसं असो की दहावा असो, त्याला पहिला प्रश्न एकच पडतो: इथे राज्य कोणाचं आहे?

आमच्या रामबागेतल्या गृहस्थांना पोरं ‘अरस्तूकाका’ म्हणतात. पोरांच्या शाळा हिंदी, त्यामुळे ॲरिस्टॉटल त्यांना अरस्तू म्हणूनच भेटलेला. नाव आपल्याला आवडत नाही असं काका दाखवतात. पण मागून कोणी नुसतं ‘अर’ म्हटलं तरी मान वळते.

एकदा पोह्यांच्या दुकानासमोर त्यांनी माझा दंड धरला. “हे बघ. हा एकटा माणूस. झारा याच्या हातात. आधी कोणाला, नंतर कोणाला, शेव किती, जीरावन किती, सगळं हाच ठरवणार. म्हणजे एकाचं राज्य झालं. आता प्रश्न उरला एवढाच, की हा राजा की जुलमी? कसोटी सोपी आहे. राज्य रयतेच्या भल्यासाठी चाललं असेल तर राजा. स्वतःच्या गल्ल्यासाठी चाललं असेल तर—”

“भिया, लेना हो तो लो, नी तो लाइन आगे बढ़ने दो,” दुकानदार म्हणाला.

“जुलमी,” काका म्हणाले आणि दोन प्लेट सांगितल्या.

ही कसोटी ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मधली. राज्य एकाचं असतं, थोड्यांचं असतं किंवा पुष्कळांचं असतं. प्रत्येकाचं एक निरोगी रूप आणि एक बिघडलेलं, मिळून सहा. राजेशाही नासली की जुलूमशाही. गुणी माणसांचं राज्य नासलं की मूठभर श्रीमंतांचं. आणि पुष्कळांचं चांगलं राज्य नासलं की जे उरतं, त्याला ॲरिस्टॉटल लोकशाही म्हणतो. हे शेवटचं वाक्य काका फार सावकाश म्हणतात आणि समोरच्याचा चेहरा बघत राहतात. समोरचा नवखा असेल तर दचकतो. आम्ही जुने लोक दचकल्यासारखं करतो, कारण त्याशिवाय ते पुढे जात नाहीत.

हेच नीट समजावून द्यायला त्यांनी एकदा काकूंचा मिसळणाचा डबा ओट्यावरून बाहेर आणला. हळद म्हणजे राजा, तिखट म्हणजे जुलमी, असं करत ते सहाव्या वाटीपर्यंत आले.

“आणि मधली सातवी?” काकूंनी आतून विचारलं.

“सातवा प्रकार नाही.”

“मोहरी आहे त्यात. आणि डबा आणा इकडे, तेल जळून राह्यलं.”

ॲरिस्टॉटलने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या घटना गोळा केल्या होत्या. कुठे कोण मतदान करतो, कोण कर भरतो, हिशेब कोण तपासतो, अशा सगळ्या बारकाव्यांनिशी. त्या काळाच्या ओघात गडप झाल्या. ॲथेन्सची तेवढी सापडली, तीही इजिप्तमध्ये, कोणाच्या तरी शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरून घेतलेली. लंडनला ती १८९१ साली छापली गेली, आणि त्याच १८९१ साली इंदुरात होळकर कॉलेज निघालं. काका याला योगायोग म्हणू देत नाहीत. योगायोग नाही तर काय, हे मात्र सांगत नाहीत. पाठकोऱ्या कागदाची गोष्ट त्यांनी फार मनावर घेतली. विजेच्या जुन्या बिलांच्या मागच्या बाजूला ते इंदुरातल्या संस्थांच्या घटना उतरवून ठेवतात: भजनी मंडळं, वाचनालयं, सहकारी सोसायट्या, एक भिशी आणि दोन क्रिकेट क्लब. गेल्या दिवाळीपर्यंत एक्क्याण्णव झाल्या. हे सगळं भांडवल खांद्यावरच्या शबनममध्ये असतं.

ॲरिस्टॉटल त्यांच्या डोक्यात आहे, पण प्लेटो घरात आहे. ‘रिपब्लिक’च्या आठव्या भागात प्लेटोने राज्यं कशी उतरणीला लागतात ते बाप-लेकांच्या गोष्टींतून सांगितलं आहे. शहाण्या बापाचा मुलगा मानाच्या मागे लागतो, त्याचा मुलगा पैशाच्या, त्याचा मुलगा मन मानेल तसा वागतो, आणि मग जुलमी येतो. काकांच्या मते हा मजकूर त्यांच्या घराण्याची वंशावळ समोर ठेवून लिहिला आहे. पणजोबा होळकर दरबारातले मुत्सद्दी: शहाण्यांचं राज्य. आजोबा होळकर कॉलेजात शिकून फौजेत गेले: मानाचं राज्य. (फौजेच्या हिशेबखात्यात, अशी दुरुस्ती काकू करतात.) वडिलांनी कापसाच्या सट्ट्यात दोनदा पैसा कमावला आणि तीनदा घालवला: पैशाचं राज्य. स्वतः काका राज्य सरकारच्या नोकरीत. प्लेटोचा लोकशाही माणूस आज बासरी ऐकतो, उद्या नुसत्या पाण्यावर राहतो, परवा व्यायामाला लागतो, तेरवा काहीच करत नाही आणि मध्येच तत्त्वज्ञान बोलू लागतो. काका हे वर्णन वाचून दाखवतात तेव्हा काकू मान डोलावतात, एरवी त्या ग्रीकांशी इतक्या चटकन सहमत होत नाहीत.

“आणि जुलमी?” मी विचारलं.

“तो बंगळूरला असतो. तीन वर्षांचा आहे. मे महिन्यात येतो.” काकांनी पुस्तक उघडलं. “प्लेटो म्हणतो, जुलमी पहिले काही दिवस सगळ्यांकडे बघून गोड हसतो, वाटेल ती वचनं देतो. मग अंगरक्षक मागतो.”

अंगरक्षक म्हणून आजीची नेमणूक दर वर्षी पहिल्या आठवड्यातच होते, आणि काकांचा टीव्हीचा रिमोट जप्त होतो.

लोकशाहीत घोडे-गाढवंसुद्धा रस्त्यातून स्वतंत्र नागरिकाच्या ऐटीत चालतात आणि बाजूला न होणाऱ्याला धडक देतात, असंही प्लेटो लिहून गेला आहे. जेल रोडवर संध्याकाळी सहाला उभं राहून काका हे वाक्य म्हणतात तेव्हा त्याला टीप लागत नाही.

ग्रीकांवर एवढं प्रेम, पण ग्रीक आणि मालवा अशी गाठ पडली की काका मालव्याच्या बाजूने उभे राहतात. ॲरिस्टॉटलचा शिष्य अलेक्झांडर पंजाबात मल्लोई लोकांच्या किल्ल्याच्या तटावर स्वतः चढला आणि छातीत बाण खाऊन मरता मरता वाचला. हे मल्लोई म्हणजे मालव. त्यांच्यात राजा नव्हता, गणाचा कारभार होता. पुढे ते राजस्थानमार्गे सरकत इकडे आले आणि या मुलखाला त्यांचं नाव मिळालं. काका ही हकीकत प्रथमपुरुषी अनेकवचनात सांगतात. ‘आम्ही’ बाण मारला. काकांचं घराणं कोकणातून पेशव्यांच्या मागोमाग आलं, हे त्या वेळी काढायचं नसतं.

अहिल्याबाईंचं नाव निघालं की आवाजातली थट्टा जाते. राजा तत्त्वज्ञ झाल्याशिवाय किंवा तत्त्वज्ञ राजा झाल्याशिवाय राज्यांचं दुःख संपणार नाही, असं प्लेटो म्हणाला, आणि ती राज्यकर्ती बाईही असू शकेल, हेही म्हणाला. तसा राजा घडवायला तो तीनदा सिरॅक्यूजला गेला आणि तिन्ही वेळा हात हलवत परतला. काकांचं म्हणणं, तो चुकीच्या गावी गेला. महेश्वरला यायचं. तिथे १७६७ ते १७९५ एक बाई शंकराच्या नावाने राज्य करत होती, खासगीचा पैसा निराळा आणि दौलतीचा निराळा ठेवत होती, आणि देशभरचे घाट न् देवळं खासगीतून बांधत होती. ॲरिस्टॉटलच्या कसोटीला आणखी कसं उतरायचं? प्लेटो दोन हजार वर्षं लवकर जन्मला, त्याला काका काय करणार.

पुढच्या होळकरांबद्दल ते जपून बोलतात. राज्यं प्रेमप्रकरणांमुळेही उलथतात, याची ॲरिस्टॉटलने यादीच दिली आहे. सिरॅक्यूजमध्ये दोन तरुणांच्या असल्याच भांडणातून सगळी राज्यव्यवस्था बदलली. हे काका रंगवून सांगत होते.

“आणि आपल्याकडे, काका?”

“१९२६ साली तुकोजीराव महाराजांनी गादी सोडली.”

“का?”

“पोहे गार होतील.”

आदल्या वर्षी मुंबईत मलबार हिलवर काय झालं, बावला कोण, मुमताज बेगम कोण, हे इंदुरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण होळकरांचं मीठ चार पिढ्यांपूर्वी संपलेलं असलं तरी काकांच्या जिभेवर त्याची चव आहे.

त्यांना खरा त्रास देतात ते औंधकर. १९३५ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरलं, अध्यक्ष औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. काकांच्या आजोबांनी म्हणे मांडवात त्यांना पाणी दिलं होतं. त्याच राजांनी १९३९ साली, कोणी बंड केलेलं नसताना, गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन कारभार रयतेच्या हाती सोपवला. आता हे कुठे घालायचं? राजेशाही बिघडली म्हणावं तर बिघडली नाही. लोकांनी सत्ता घेतली म्हणावं तर राजाने ती आपणहून दिली होती. काकांनी ‘पॉलिटिक्स’ उलटंपालटं करून स्पार्टाचा थिओपॉम्पस शोधून काढला. त्याने आपणहून राजाचे अधिकार कमी करून घेतले. बायको म्हणाली, मुलांना बापापेक्षा कमी देऊन जाताना लाज नाही वाटत? तो म्हणाला, कमी देतोय, पण टिकाऊ देतोय. उदाहरण सापडलं, खण सापडला नाही. काकू म्हणाल्या, मोहरीच्या वाटीत घाला.

रंगपंचमीच्या गेरचंही तसंच. पॉलिबियसने लोकशाहीच्या पुढची पायरी म्हणून झुंडशाही सांगितली आहे, आणि ती बघायला काका दर वर्षी राजवाड्याजवळ एका मित्राच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. खाली लाखो लोक, टँकरमधून उडणारा रंग, कोणाला कोणाचं तोंड ओळखू येत नाही. “ही बघ झुंड!” काका ओरडतात. मग झुंड आपापल्या घरी आंघोळीला जाते, महापालिकेच्या गाड्या येतात आणि बघता बघता रस्ते धुऊन निघतात. पॉलिबियसमध्ये हे नाही. काका खुर्ची घडी करतात आणि घरी जाईपर्यंत बोलत नाहीत.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदुरात ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं पडली, तेव्हा मात्र त्यांना आठवडाभर झोप नव्हती. “ॲथेन्सवाले खापरीवर नाव कोरायचे. सहा हजार खापऱ्या जमल्या की ज्याच्या नावाच्या जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. घर शाबूत, शेत शाबूत, फक्त तोंड दाखवायचं नाही. सहा हजारांत काम व्हायचं! आणि आपण सव्वादोन लाख माणसं उन्हात उभी केली, न् गावाबाहेर कोण गेलं? कोणीच नाही.” पोहेवाल्याने तेवढ्या दिवसांत त्यांना रांगेत पुढे घेतलं, म्हणजे ते लवकर जातील. काकांनी नोंद केली: राजा.

हे सगळं बोलणाऱ्या माणसाला आमच्या गणेशोत्सव मंडळात मत नाही. पूर्वी होतं. एका वर्षी सुगम संगीताच्या जागी ऑर्केस्ट्रा ठरला, काकांनी कार्यकारिणीला झुंड म्हटलं आणि चार पानी राजीनामा दिला. अपेक्षा अशी होती की त्यावर चर्चा होईल. तो अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. तेव्हापासून घराचं सदस्यत्व काकूंच्या नावावर आहे आणि काका प्रत्येक सभेला ‘निमंत्रित’ म्हणून पहिल्या रांगेत असतात. निमंत्रण कोण देतं, हे कोणी विचारत नाही.

मला यात त्यांची फजिती दिसत नाही. ॲरिस्टॉटल तरी ॲथेन्सचा कुठे होता? तो उत्तरेकडच्या स्टॅगिराचा. ॲथेन्समध्ये परका रहिवासी म्हणून राहिला. सभेत मत नाही, नावावर जमीन नाही. ज्याला मत असतं तो कोण जिंकावं या विवंचनेत असतो. ज्याला नसतं त्याला खेळ कोणता चालला आहे हे बघायला सवड मिळते. आणि आम्हा इंदुरी मराठी लोकांना ही सवड जरा जास्तच मिळाली. एके काळी इथलं दप्तर मोडीत होतं. १९४८ ला होळकरांचं राज्य मध्य भारतात गेलं, १९५६ ला मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, दप्तर कोणाकोणाच्या हाती गेलं. आमच्याकडे शारदोत्सव, गणपती, नाटकाची तिकिटं आणि अरस्तूकाका एवढं शिल्लक राहिलं. मतं आहेत, ती आम्ही इमानाने देतोही. पण राज्य करायचं अंगवळण गेलं आणि राज्याबद्दल बोलायचं राहिलं.

तर मंडळाची गोष्ट. काकांचा वर्षानुवर्षं धोशा होता की सेक्रेटरी निवडून आणू नका, चिठ्ठी टाका. निवडणूक म्हणजे थोड्यांचं राज्य, कारण ओळखीचाच माणूस निवडून येतो. चिठ्ठी म्हणजे खरी लोकशाही. हे ॲरिस्टॉटलचं. ॲथेन्सच्या पाचशे जणांच्या कौन्सिलची माणसं चिठ्ठीने ठरत. त्यासाठी खाचा पाडलेलं दगडी यंत्रच होतं, त्यात नावांच्या पट्ट्या खोवायच्या आणि नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडायच्या. यंदा आमच्याकडे सेक्रेटरी व्हायला एकही माणूस तयार नव्हता, त्यामुळे काकांचा सिद्धांत एकमताने मंजूर झाला. गोट्या नव्हत्या. स्टीलच्या डब्यात सदस्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एका पोरीने डोळे मिटून एक काढली.

चिठ्ठीत काकू निघाल्या.

काका ताडकन उठले. “ॲथेन्समध्ये स्त्रियांना हा अधिकार—”

“नव्हता, बरोबर,” मागून आमचे वकीलसाहेब म्हणाले. “पण प्लेटो काय म्हणतो, काका?”

इथे काकांच्या जागी दुसरा कोणी असता तर प्लेटो विसरला असता. काका बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “प्लेटो म्हणतो, चालेल,” आणि खाली बसले.

काकूंनी पहिल्या सभेला येताना दोन गोष्टी आणल्या: एक पातेलं आणि तळाला तापल्या सुईने भोक पाडलेला श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. डबा स्टुलावर, पातेलं खाली, डब्यात काठोकाठ पाणी.

“अहो, तुम्हीच सांगत होतात ना, ॲथेन्सच्या कोर्टात पाणी संपलं की बोलणं संपलं म्हणून?”

“क्लेप्सिड्रा!” काका मोहरून म्हणाले. “तिथल्या बाजारचौकात सापडलेलं भांडं सहा मिनिटांचं आहे.”

“आमचं तीन मिनिटांचं आहे.”

त्या संध्याकाळी मंडळाच्या इतिहासात न घडलेल्या गोष्टी घडल्या. खजिनदारांनी अहवाल वाचला आणि तो संपला. मांडवाचा कंत्राटदार बदलायचा की नाही यावर दर वर्षी दोन सभा जात, ते पाऊण डब्यात उरकलं. आमच्यात एक आजोबा आहेत, ते कोणत्याही विषयावर बोलताना आपल्या तरुणपणीच्या गणेशोत्सवापासून सुरुवात करतात. ते पहिल्यांदाच चालू सालापर्यंत पोचले.

मग निमंत्रितांचं मनोगत. काकांनी घसा साफ केला आणि हिरोडोटसपासून सुरुवात केली. सात इराणी सरदार, सिंहासन रिकामं, राज्य कोणत्या प्रकारचं असावं यावर वाद. ओटानीस म्हणतो सगळ्यांचं. मेगाबायझस म्हणतो निवडक माणसांचं. दारायस म्हणतो एकाचंच. दारायसचं म्हणणं मान्य होतं. तो एक कोण, हे ठरवायला पैज लागते: पहाटे सूर्य उगवताना ज्याचा घोडा आधी खिंकाळेल तो राजा. दारायसचा मोतद्दार भारी कावेबाज. पहाट होते. ओटानीस सोडून बाकी सहा जणांचे घोडे वेशीबाहेर निघतात. काकांनी एक हात वर केला, आम्ही सगळे पुढे वाकलो, आणि काकू म्हणाल्या, “संपलं.”

डब्यातून शेवटचे थेंब पडत होते. घोडा खिंकाळायचा राहिला. “काकू, घोडा होऊन जाऊ द्या ना!” मागची पोरं ओरडली. काकूंनी वहीत पुढचा विषय काढला.

काका बसले नाहीत. ते विचार करत होते, आणि काकांनी विचार केला की काय होतं हे मी पोह्यांच्या दुकानावर पाहिलेलं आहे.

“सेक्रेटरी मॅडम,” ते म्हणाले. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण हा शब्द घरात पहिल्यांदाच निघाला असावा. “हरकतीचा मुद्दा. ॲथेन्सच्या कोर्टात कायदा किंवा साक्षीचा कागद वाचायला घेतला, की तेवढा वेळ पाणी थांबवत. कागदाचा वेळ बोलण्यात धरत नसत. तिथल्या माणसाचं काम तेवढंच असे, भोकावर बोट ठेवायचं.”

काकूंनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी नाइलाजाने मान हलवली. कागदाच्या बाबतीत त्यांना ॲथेन्सचंच म्हणणं पटणारं होतं.

“डबा भरा,” काकू म्हणाल्या, “आणि एकाने इथे बसा. काय वाचायचं ते वाचा.”

पुढच्या रांगेतल्या एका पोराला स्टुलाशी बसवून त्याचं बोट भोकाला लावलं. काकांनी शबनम मांडीवर घेतली, चष्मा बदलला आणि विजेच्या बिलांचा तो सगळा गठ्ठा बाहेर काढून टेबलावर ठेवला. वरच्या बिलाची उलटी बाजू त्यांनी सुलटी केली.

“संस्था पहिली,” ते म्हणाले. “एकूण एक्क्याण्णव.”

तिसऱ्या संस्थेच्या पोटनियमांवर आलो तेव्हा स्टुलाकडून आवाज आला, “काकू, बोट बदलून घेऊ का? हे दुखून राह्यलं.”